अंबरनाथ की बदलापूर : कुटुंबासाठी घर घेताना निवड कशी करावी

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर अंबरनाथ हे स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६० किलोमीटरवर आहे आणि बदलापूर ६८ किलोमीटरवर. मधल्या आठ किलोमीटरांत आज एकही स्थानक नाही. दोन्ही शहरे ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यात येतात, दोन्हींचा कारभार नगरपालिका पाहते, दोन्हीकडे पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे आणि वीज महावितरणची. एवढे साम्य असल्यामुळे ठाण्या-डोंबिवलीतील दर आवाक्याबाहेर गेलेले कुटुंब या बाजूला घर शोधू लागले, की तुलना लगेच चौरस फुटाच्या दरावर येते, आणि बदलापुरात त्याच पैशांत थोडी मोठी जागा मिळते असे दिसताच निर्णय झाल्यासारखा वाटू लागतो.

आमच्या नात्यात आणि ओळखीत या दोन शहरांत घर घेतलेले बरेच जण आहेत आणि त्यांपैकी काहींबरोबर मीही इमारती पाहत हिंडलो आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे, की दराने सुरुवात करणे म्हणजे क्रम उलटा लावणे होय. या दोन शहरांतील खरा फरक जुलै महिन्यात आणि सकाळी सात ते आठच्या दरम्यान दिसतो. दिवाळीनंतरच्या कोरड्या रविवारी, विकासकाच्या गाडीतून फिरताना तो दिसत नाही. म्हणून आधी कुटुंबाचे वेळापत्रक, मग पाणी, मग पूर, मग कागदपत्रे आणि सर्वांत शेवटी किंमत, या क्रमाने जावे. असे केल्यास पुष्कळदा लक्षात येते, की निवड दोन शहरांतली नसून एका शहराच्या अमुक भागाची आणि दुसऱ्या शहराच्या तमुक भागाची आहे.

वेळापत्रकापासून सुरुवात

एका कागदावर घरातील प्रत्येकाचे नाव लिहावे आणि त्यापुढे तो आठवड्यातून किती दिवस, कोठे आणि किती वाजता पोहोचला पाहिजे हे लिहावे. नोकरी ठाणे, घाटकोपर किंवा दादर या पट्ट्यात असेल तर लोकल हाच कणा धरावा लागतो. दोन शहरांमधील आठ किलोमीटरांना गाडी साधारण आठ मिनिटे घेते. ऐकायला हे किरकोळ वाटते. परंतु जाताना आठ आणि येताना आठ अशी सोळा मिनिटे वर्षाच्या ३०० कामकाजाच्या दिवसांनी गुणली तर ४,८०० मिनिटे, म्हणजे ८० तास होतात. घरातील दोघे नोकरी करत असतील तर हा आकडा दुप्पट होतो. एवढा वेळ देण्यास कुटुंब तयार असेल तर हरकत नाही, पण तो हिशेब आधी मांडलेला असावा.

मिनिटांपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न बसायला मिळण्याचा आहे. दोन्ही स्थानकांतून काही लोकल सुटतात आणि काही कर्जत, खोपोलीहून भरून येतात. आपल्या वेळेला सुटणारी गाडी कोणत्या स्थानकातून आहे, हे वेळापत्रकात पाहिल्याशिवाय निवड करू नये. बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत बदलापूरचा प्रवासी बसून जातो आणि तीच गाडी अंबरनाथला आली की तेथील प्रवाशाला दारात उभे राहावे लागते. अंबरनाथहून सुटणाऱ्या गाडीत बाजू उलटते. अंबरनाथचे काही प्रवासी जागेसाठी उलट्या दिशेने बदलापूरला जाऊन त्याच गाडीने परत येतात. याला सर्वजण ‘रिटर्न’ म्हणतात आणि त्यावरून डब्यात रोज कुरबुरी होतात. रिटर्न करायचे तर पास बदलापूरपर्यंतचा काढावा लागतो आणि वेळही जातो, म्हणजे अंबरनाथला राहून मिळणारा आठ मिनिटांचा फायदा तेथेच संपतो. ज्यांना पाठीचा किंवा गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी हा मुद्दा दराच्या वर ठेवावा.

यानंतर प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी, ज्या इमारतीत घर पाहिले आहे तिच्या फाटकापासून घड्याळ लावून निघावे, रिक्षाच्या रांगेत उभे राहावे, आपल्या नेहमीच्या गाडीने कार्यालय गाठावे आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी परत यावे. जाहिरातीत ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ असे लिहिलेले असते. ही पाच मिनिटे दुपारी दोन वाजता रिकाम्या रस्त्यावर मोजलेली असतात. रात्री उशिराच्या गाडीने उतरल्यावर रिक्षा मिळते का आणि तेवढ्या वेळी रस्त्यावर दिवे असतात का, हेही एकदा पाहून घ्यावे. घरातील मुलगी किंवा सून उशिरा परतणार असेल तर ही पाहणी तिला बरोबर घेऊन करावी आणि तिचे मत अंतिम मानावे.

स्थानकापासूनच्या अंतराची किंमत पैशांत मांडता येते. समजा एका घरातून स्थानकावर चालत जाता येते आणि दुसऱ्यातून शेअर रिक्षाने प्रत्येक खेपेस २० रुपये लागतात. दोन माणसांचे रोजचे ८० रुपये आणि ३०० दिवसांचे २४,००० रुपये, म्हणजे महिन्याला दोन हजार रुपये झाले. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या एक लाखाच्या कर्जाचा हप्ता सुमारे ८६८ रुपये बसतो. त्या हिशेबाने दोन हजार रुपयांत जवळजवळ दोन लाख तीस हजारांचे कर्ज फिटते. म्हणजे चालत जाण्याच्या अंतरावरील घर तेवढ्या रकमेने महाग असले तरी व्यवहार बरोबरीचा होतो, शिवाय भाडे पुढे वाढणार आणि हप्ता सहसा एवढा वाढत नाही. आपल्या भागातील खरे भाडे घालून हा हिशेब पुन्हा करावा.

पूर्व आणि पश्चिम हा भेद दोन्ही शहरांत मोठा आहे. रुळांच्या एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला शाळा असेल तर उड्डाणपुलावरची कोंडी दिवसातून चार वेळा वाट्याला येते. त्यामुळे मुलांची शाळा, आईवडिलांचा दवाखाना आणि मंडई शक्यतो घराच्याच बाजूला असाव्यात.

नोकरी लोकलच्या मार्गावर नसेल तर तुलना बदलते. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत किंवा आयुध निर्माणीत काम करणाऱ्याने बदलापूरला राहण्याचे कारण फक्त दर असू शकते. तळोजा किंवा नवी मुंबईकडे जाणाऱ्याने काटईकडील आणि तळोज्याकडील रस्ता सकाळी स्वतः गाडी चालवून पाहावा, कारण अवजड वाहनांची रांग लागली की नकाशावरील अंतराला काही अर्थ उरत नाही.

पाणी : सोसायटीची मे महिन्याची बिले मागावीत

जीवन प्राधिकरण दोन्ही शहरांना मुख्यतः उल्हास नदीचे पाणी पुरवते. ते बदलापूरच्या बॅरेज बंधाऱ्यावरून उचलले जाते. अंबरनाथला याखेरीज चिखलोली धरणाचे आणि औद्योगिक विकास महामंडळाचेही काही पाणी मिळते. महामंडळाचे पाणी त्याच्याच बारवी धरणाच्या भरवशावर असते आणि त्यावर जिल्ह्यातील इतर अनेक शहरे अवलंबून आहेत, त्यामुळे पाऊस लांबला की कपात लागू होते. म्हणून ‘अंबरनाथला पाणी चांगले’ किंवा ‘बदलापूरला पाणी चांगले’ या विधानांना अर्थ नसतो. एखाद्या घराला पाणी कसे मिळेल हे ते कोणत्या जलकुंभाच्या क्षेत्रात येते, उंचावर आहे की सखल भागात आणि जलवाहिनीच्या टोकाला आहे की मध्यावर, यावर ठरते. एकाच रस्त्यावरील दोन इमारतींत मी जमीन-अस्मानाचा फरक पाहिला आहे.

जुन्या इमारतीत घर घेत असाल तर सोसायटीच्या सचिवांना भेटून पाणी किती वाजता येते, किती वेळ येते, उन्हाळ्यात दिवसाआड येते का आणि टँकर मागवावा लागतो का, हे विचारावे. तोंडी उत्तरावर न थांबता गेल्या मे महिन्याची टँकरची बिले दाखवण्याची विनंती करावी. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. चार माणसांच्या घराला ५४० लिटर आणि चाळीस घरांच्या इमारतीला २१,६०० लिटर लागतात. नळाने यातील निम्मेच पाणी आले तर दहा हजार लिटरचा एक टँकर रोज मागवावा लागेल. टँकरला दोन हजार रुपये पडतात असे गृहीत धरले तर महिन्याला साठ हजार आणि घरटी दीड हजार रुपये देखभाल खर्चात वाढतात. ही रक्कम विक्रेता कधीच सांगत नाही, कारण ती ‘मेन्टेनन्स’ या एका शब्दात बसून जाते.

नवीन इमारतीत प्रश्न वेगळा असतो. तेथे नळजोडणी मंजूर झाली आहे का आणि प्रत्यक्ष जोडली आहे का, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारावेत. ‘पाणी येणारच आहे’ याचा अर्थ आज ते कूपनलिकेचे किंवा टँकरचे आहे, एवढाच घ्यावा. कूपनलिकेचे पाणी असेल तर एक बाटली भरून आणून तपासून घ्यावी. जड पाण्याने गीझर आणि नळ दोन वर्षांत खराब होतात.

पूर : नदी कोणत्या बाजूला आहे

बदलापूरची निवड करणाऱ्याने ज्यावर सर्वाधिक वेळ घालवावा असा हा विषय आहे. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, नेरळ ओलांडून बदलापूरच्या पश्चिमेकडून वाहते. घाटमाथ्यावर आणि कर्जतकडे रात्रभर पाऊस पडला, की बदलापुरात फारसा पाऊस नसतानाही पहाटे नदी फुगते. २६ जुलै २००५ चा पूर येथील जुन्या रहिवाशांना तारखेनिशी आठवतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. त्या दिवशी आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पश्चिमेकडील नदीलगतच्या हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली अशा भागांत पाणी शिरले होते.

म्हणून पश्चिमेला घर घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. पश्चिमेलाही उंचावरचे सुरक्षित भाग आहेत आणि पूर्वेलाही नाल्याकाठच्या सखल जागा आहेत. मात्र पूररेषेचा नकाशा पाहिल्याशिवाय तेथे एक रुपयाही देऊ नये. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा बांधकामासाठी निषिद्ध असतो. निळ्या आणि लाल रेषेमधील पट्ट्यात जोत्याच्या उंचीसारख्या अटींवर परवानगी मिळते. ‘परवानगी आहे’ या उत्तराने समाधान मानू नये. इमारत या दोन रेषांच्या मध्ये आहे का, असा नेमका प्रश्न नगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारावा.

नकाशानंतर भिंती पाहाव्यात. कुंपणाच्या भिंतीवर, जिन्याखाली आणि विजेच्या मीटरच्या खोलीत जुन्या पाण्याची रेघ नव्या रंगाखालूनही पुष्कळदा दिसते. मीटर जमिनीपासून किती उंचीवर बसवले आहेत, हे पाहून सोसायटीचा अनुभव कळतो, कारण एकदा पाणी भोगलेली इमारत पुढच्या वर्षी मीटर वर घेते. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार आणि रात्रपाळीचा रखवालदार यांना ‘एकोणीस साली पाणी कोठपर्यंत होते’ असे सहज विचारले तर ते हात गुडघ्याशी किंवा छातीशी नेऊन दाखवतात. या साक्षीवर मी दलालाच्या शब्दापेक्षा अधिक विश्वास ठेवतो. घर चौथ्या मजल्यावर असले तरी हा प्रश्न सुटत नाही, कारण लिफ्ट, पाण्याचा पंप आणि दुचाकी खालीच असतात.

अंबरनाथला उल्हास नदीचा असा धोका नाही, परंतु वालधुनी आहे. काकोळ्याच्या डोंगरातून निघणारा हा प्रवाह इसवी सन १०६० च्या शिवमंदिराजवळून उल्हासनगरकडे जातो आणि मुसळधार पावसात मंदिराच्या परिसरातही पाणी येते. तिच्या काठावरील आणि मोठ्या नाल्यांलगतच्या इमारतींसाठी वर सांगितलेली तपासणी तशीच्या तशी करावी. शिवाय महाशिवरात्रीला मंदिराची मोठी यात्रा भरते. त्या परिसरात घर घेणाऱ्याने त्या दिवसांत गाडी बाहेर काढण्याचा विचार सोडून द्यावा. भाविक असल्यास हा तोटा नव्हे.

पुराचा एक परिणाम घर कोरडे राहूनही भोगावा लागतो. कल्याण ते कर्जत मार्गावर पाणी भरले की लोकल अनेकदा कल्याण किंवा अंबरनाथपर्यंतच धावतात आणि बदलापूरचा प्रवासी शेवटच्या आठ किलोमीटरांसाठी रस्त्यावर येतो. वर्षातून असे दोन-तीनच दिवस येतील, पण लहान मूल पाळणाघरात असेल तर त्या दिवसाची व्यवस्था आधी ठरवलेली असावी.

हवा, शाळा, दवाखाना

अंबरनाथ हे जुने औद्योगिक शहर आहे आणि बदलापुरातही रासायनिक कारखाने आहेत. दोन्हीकडे काही वस्त्यांत रात्री उग्र वास येतो. तो दुपारी येत नाही, म्हणून आवडलेल्या घराच्या परिसरात एकदा रात्री अकरानंतर जाऊन अर्धा तास उभे राहावे. घरात दम्याचा रुग्ण असेल तर हे दोन वेगवेगळ्या रात्री करावे.

शाळेची निवड घराआधी करावी, घरानंतर नव्हे. प्रवेश मिळण्याची शक्यता, शाळेची बस आपल्या रस्त्यावर येते का आणि वर्ग किती वाजता भरतो, एवढे तीन प्रश्न पुरतात.

वैद्यकीय सोयींबाबत अंबरनाथचे पारडे थोडे जड आहे. तेथे उपजिल्हा रुग्णालय आहे आणि २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. गंभीर आजारात दोन्ही शहरांतील लोकांना कल्याण, डोंबिवली किंवा ठाण्याकडे न्यावे लागते आणि त्या वेळी बदलापूरकरांना अंबरनाथ आणि उल्हासनगर ओलांडायचे असते. घरात हृदयरोगी किंवा ऐंशी वर्षांचे आजोबा असतील तर रात्रीची रुग्णवाहिका किती वेळात पोहोचेल, हा प्रश्न गच्चीवरील बागेच्या आधी विचारावा.

शहराच्या आकाराचाही विचार करावा लागतो. २००१ च्या जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या दोन लाखांच्या थोडी वर आणि बदलापूरची लाखाच्या थोडी खाली होती. २०११ मध्ये अंबरनाथ सुमारे अडीच लाखांवर आणि बदलापूर पावणेदोन लाखांच्या आसपास पोहोचले. बदलापूर वेगाने वाढले आहे आणि ते ज्या भागांत वाढले तेथे इमारती आधी उभ्या राहिल्या, गटारे आणि रस्ते मागून आले. अंबरनाथमध्ये जुनी वस्ती अधिक, म्हणून बाजार, शाळा आणि झाडे जागच्या जागी आहेत. परंतु जुन्या इमारतीही अधिक आहेत.

उद्याच्या सोयींना आज किती पैसे द्यावेत

या पट्ट्यातील प्रत्येक माहितीपत्रकात चार गोष्टी हमखास छापलेल्या असतात. कल्याण ते बदलापूर तिसरा आणि चौथा रेल्वेमार्ग, अंबरनाथ व बदलापूर यांच्यामधील नियोजित चिखलोली स्थानक, कांजूरमार्ग ते बदलापूर मेट्रो आणि बदलापूरजवळून जाणारा वडोदरा-मुंबई द्रुतगती महामार्ग. चारही गोष्टी हवेतल्या नाहीत, परंतु चारही एकाच टप्प्यावर नाहीत. ज्याचे काम आपण डोळ्यांनी पाहू शकतो त्याला थोडे मोल द्यावे. जे केवळ मंजुरीच्या किंवा आराखड्याच्या टप्प्यावर आहे त्याला शून्य द्यावे. मेट्रो आली तर तो लाभ समजावा, पण ती येईल म्हणून हप्ता वाढवून घेऊ नये.

चिखलोलीबाबत विशेष सावध राहावे, कारण नियोजित स्थानकाच्या नावावर आजच दर चढवले जातात. तेथे घर घेणाऱ्याने स्थानक पुढील सात वर्षे झालेच नाही तर आपण रोज कोणत्या स्थानकावर आणि कसे जाणार, हे ठरवून मगच पुढे जावे. द्रुतगती महामार्गाचाही नीट विचार करावा. बदलापूरजवळचा त्याचा बोगदा पनवेलकडे निघतो, त्यामुळे नवी मुंबईकडे नोकरी असलेल्याला त्याचा खरा उपयोग आहे. दादरला जाणाऱ्याला तो बहुधा सुट्टीच्या दिवशीच उपयोगी पडेल.

कागदपत्रे

सातबारा उताऱ्यावरील गावाचे नाव पहिल्यांदा पाहावे. जाहिरातीत ‘बदलापूर’ लिहिलेले असते आणि जमीन शहराबाहेरील ग्रामपंचायतीच्या हद्दीत निघते. मग बांधकामाची परवानगी देणारी यंत्रणा, कर, पाणी आणि कचरा उचलण्याची व्यवस्था, सर्वच वेगळे असते.

बांधकाम चालू असलेला प्रकल्प महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर शोधावा. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. इतरांना नोंदणीशिवाय विक्री करता येत नाही. परंतु महारेराचा क्रमांक आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून महारेरा क्रमांक मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश झाला. त्यांत राहणारी कुटुंबे कर्ज फेडणारीच होती. म्हणून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत घेऊन नगरपालिकेत जावे आणि तो क्रमांक त्यांच्या नोंदींत आहे का, हे विचारावे. कितव्या मजल्यापर्यंत परवानगी आहे, हेही त्याच कागदावर असते.

तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला, मागावे. ते नसताना ‘सगळे लोक राहतातच आहेत’ हे उत्तर मिळते, पण नळजोडणी, कर्ज आणि पुढची विक्री या तिन्ही ठिकाणी त्याची उणीव आड येते. जुन्या सोसायटीत जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हे पाहावे. झाले नसेल तर पुनर्विकासाच्या वेळी मूळ जमीनमालक पुन्हा चित्रात येतो. इमारत पंधरा वर्षांहून जुनी असल्यास संरचनात्मक तपासणीचा शेवटचा अहवाल मागावा. तीस वर्षांच्या मालकी हक्काचा शोध वकिलाकडून घ्यावा, आणि तो वकील विकासकाने सुचवलेला नसावा.

पैसे

दोन घरांची तुलना नेहमी महारेरातील व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्रावर, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवर, करावी. एकीकडे चटई क्षेत्राचा दर आणि दुसरीकडे ‘सुपर बिल्ट-अप’चा, म्हणजे जिना, लॉबी यांचा वाटाही मिळवलेल्या क्षेत्राचा, दर धरला की बदलापूर स्वस्त की अंबरनाथ, हे कधीच कळत नाही.

बांधकाम चालू असलेल्या घरावर वस्तू व सेवा कर लागतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर तो लागत नाही. मुंबई महानगर प्रदेशात, म्हणजे या दोन्ही शहरांत, चटई क्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत आणि एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर कर एक टक्का आहे, अन्यथा पाच टक्के. ४५ लाखांच्या घरावर ४५ हजार रुपये होतात आणि ४६ लाखांच्या घरावर दोन लाख तीस हजार. वाहनतळ आणि विकासशुल्क यांसारख्या रकमाही एकूण किमतीत धरल्या जातात, त्यामुळे ‘घर ४४ लाखांचे’ असे सांगून वर तीन लाख मागितले जात असतील तर आपण सीमा ओलांडली आहे हे लक्षात घ्यावे. या सीमेच्या आसपास घासाघीस करण्यात खरा अर्थ आहे.

बँका ३० लाखांपासून ७५ लाखांपर्यंतच्या कर्जासाठी घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देतात आणि या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी फी धरत नाहीत. ४५ लाखांच्या घराला ३६ लाख कर्ज मिळाले तर नऊ लाख रुपये, मुद्रांक शुल्क, कर आणि नोंदणी फी एवढे स्वतःजवळ असावे लागतात. नोंदणी फी एक टक्का, परंतु कमाल ३०,००० रुपये आहे. घर केवळ महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. कर्जासाठी दोघांची नावे लावण्याआधी हा हिशेब करून पाहावा. मुद्रांक शुल्क व्यवहाराची किंमत आणि शासनाचा वार्षिक मूल्यदर यांपैकी जे अधिक असेल त्यावर लागते.

निवड

इतके झाल्यावर यादीत सहसा प्रत्येक शहरातले एकच घर उरते. घरातील दोघे लोकलने मुंबईकडे जात असतील, मुले लहान असतील आणि वडीलधारे सोबत असतील, तर थोडी लहान जागा पत्करूनही मी अंबरनाथ सुचवतो. एकच जण प्रवास करतो, त्याची गाडी बदलापूरहून सुटते, घर लाल रेषेच्या बाहेर आहे आणि मुलांना वेगळी खोली हवी आहे, तर बदलापूरला नको म्हणण्याचे कारण मला दिसत नाही. बदलापुरात मोकळी हवा आणि डोंगर जवळ आहेत, हे मी मुद्दाम शेवटी लिहितो, कारण घर पाहायला आलेला माणूस त्यावरच आधी भाळतो.

शक्य असल्यास खरेदीआधी त्याच भागात अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहावे आणि करार जूनच्या आधी सुरू करावा, म्हणजे एक पावसाळा पदरी पडतो. ते जमत नसेल तर जुलैतील एखाद्या मुसळधार सकाळी दोन्ही घरांपाशी जाऊन यावे. त्यानंतरच टोकन द्यावे आणि तेही धनादेशाने. नोंदणीकृत करार होण्याआधी विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. पावतीवर सदनिका क्रमांक, चटई क्षेत्र, सर्व शुल्कांसह एकूण किंमत आणि कर्ज नामंजूर झाल्यास किंवा मालकी हक्कात दोष आढळल्यास रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे लिहून घ्यावे. समोरचा माणूस हे लिहून देण्यास नकार देत असेल तर त्या दिवशी धनादेश खिशात ठेवून दुसऱ्या शहरातील घराच्या मालकाला फोन करावा.